कुंपणावरचं धोतर

मास्तर, ते धोतर माझं होतं, हे मला तारेच्या यंत्रावर बोट ठेवायच्या आधीच कळलं होतं.

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पार्वतीला नाही, माझ्या मुलांना नाही. मनातल्या मनात म्हणायची वेळ आली तरी मी त्याला काहीतरी जोडून घेत आलो. घाई होती. उजेड कमी होता. दुरून नीट दिसलं नाही. पण दूर ते काय होतं? माझ्या पोस्टाच्या खिडकीपासून तुझ्या शाळेच्या कुंपणापर्यंत एक बैलगाडी जेमतेम वळेल एवढं अंगण. मला दिसलं होतं.

तुझी तेरवी परवा झाली. पंगत उठल्यावर हेडमास्तर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, शाळेच्या अंकात दौलत मास्तरांवर चार शब्द तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं जवळचं दुसरं कोण आहे. मी मान हलवली. त्यांना गौरवाचे शब्द हवे असणार. तू शाळेत मुलांना कसं शिकवलंस, हस्ताक्षर किती सुंदर होतं, सूतकताईत पहिला नंबर कसा यायचा, हे सगळं दुसरे लिहितील. मला एकच गोष्ट लिहिता येते आणि ती मी इतकी वर्षं लिहिली नाही. छापायची की नाही ते हेडमास्तर ठरवोत.

अंक वाचणारी आत्ताची पोरं तेव्हा पाळण्यात होती. त्यांना कळावं म्हणून मी मधूनमधून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगणार आहे. तू कंटाळू नकोस. तसाही तू माझं बोलणं कधी पुरतं ऐकलंस? मी अर्ध्यात असतानाच तुझं लक्ष माझ्या खांद्यावरून मागं, आभाळाकडं गेलेलं असायचं.

ती पांढरी पेटी आठव. सरकारी हवामान खात्याची माणसं नागपूरहून आली, शाळेच्या बाजूला चौकोनी कुंपण घातलं, आत चार पायांवर उभी, फटीफटींच्या फळ्यांची तापमान मोजायची पेटी बसवली, पाऊस मोजायचं भांडं जमिनीत गाडलं आणि खांबावर वारा दाखवणारा बाण लावला. निरीक्षक म्हणून तुला नेमलं. तू शाळामास्तर आणि मी पोस्टमास्तर, घोटाळा नको म्हणून गाव तुला मास्तर म्हणायचं आणि मला बाबू. मास्तर आभाळ पाहणार आणि बाबू ते तारेनं नागपूरला कळवणार, अशी वाटणी झाली. पहिल्याच आठवड्यात कुणा बाईनं पावसाच्या भांड्याला हळदकुंकू वाहिलं होतं. तू ते पुसत होतास आणि म्हातारी लोहारीण तुझ्यावर ओरडत होती.

"काऊन पुसतं रे पोरा? पावसाचा देव हाये थो!"

"आजी, देव नाई हा. डबा हाये डबा. पाणी मोजतो मी याच्यात."

"मोजतं? लेका, देवानं देल्लं मोजतं तू?"

त्या दिवसापासून ती जाता येता पेटीला नमस्कार करायची आणि तुला शिव्या द्यायची.

मला तेव्हा ते काम म्हणजे सरकारी खूळ वाटायचं. आपल्या गावातून विमान कुठं उडतं? पण नागपूरच्या विमानतळावर विमानं उतरायची, आपल्या डोक्यावरून दक्षिणेकडं जायची, आणि त्यांना वाटेतली हवा कशी आहे हे सांगायला जिल्ह्याजिल्ह्यात तुझ्यासारखी माणसं नेमलेली होती. सकाळी तू सगळं नीट भरून द्यायचास: ऊन, वारा, ढग किती, ढग किती खाली, आणि नजर कुठवर पोचते. नजर मोजायला तुझ्या खुणा होत्या. जवळचं म्हणजे देवळाचा कळस. त्याच्या पलीकडं जिनाची, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याची, धुराची चिमणी. सगळ्यांत लांब म्हणजे दक्षिणेची टेकडी आणि तिच्यावरचं ते एकटं कडुनिंब. टेकडी दिसली म्हणजे हवा स्वच्छ. चिमणीच दिसेना झाली म्हणजे विमानाला धोका.

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी एकदा तार करता करता म्हणालो, "मास्तर, रोज तेच आकडे. टेकडी दिसते, टेकडी दिसते. कोण वाचते बे हे?"

तू पायरीवर बसून सायकलची साखळी पुसत होतास. वर न बघता म्हणालास, "जो वरते उडून राह्यला, थो वाचते."

"त्याले काय मालूम तू कोण आन् मी कोण?"

"म्हणून तर बरोबर सांगा लागते, बाबू. वळखीच्याले खोटं सांगतलं तर थो घरी येऊन भांडन तरी. हा कोठी येईन?"

मी हसलो. तुझं हे असं बोलणं ऐकून मला नेहमी हसूच यायचं. हिंगणघाटच्या शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासून तू असाच. गुरुजींनी चुकून जास्त मार्क दिले तर उठून सांगणारा तू, आणि तुझ्या धोतराचा सोगा धरून खाली ओढणारा मी.

सकाळच्या रिपोर्टानंतर दुपारपर्यंत आणखी दोनदा एक छोटी तार जायची. तिच्यात एवढंच कळवायचं: हवेत फरक आहे किंवा फरक नाही. त्यासाठी तुला वर्ग सोडून, अंगण ओलांडून माझ्याकडं यावं लागायचं. हेडमास्तरांना ते आवडायचं नाही. मागं पोरं धिंगाणा घालायची. तेव्हा कपड्याची युक्ती मी काढली. हो, मीच. तुला ती पहिल्यांदा पटली नव्हती हेही मी इथं लिहितो.

"हे पाह्य," मी म्हणालो होतो, "तू टेकडी पाह्य. फरक नसन तर तुह्यं उपरणं कुंपणावर टाक. मले खिडकीतून दिसते. मी तार करून टाकतो. फरक असन तरच येजो."

"आन् उपरणं वाऱ्यानं उडालं तं?"

"तं मी समजीन फरक हाये. वाट पाहीन तुही."

तू खांद्यावरचं उपरणं काढून चाचपलंस. मग म्हणालास, "बाबू, 'फरक नाई' हे बी पाहूनच सांगा लागते बरं. थे काई रिकामं बोलणं नाई."

"तू पाहूनच टाकशीन ना उपरणं? मंग झालं तं."

झालं. दोन हिवाळे ती युक्ती चालली. शाळेच्या पलीकडच्या अंगाला, माझ्या खिडकीतून न दिसणाऱ्या टेकडीच्या बाजूला तू फळ्याजवळच्या खिडकीतून दक्षिण पाहायचास, मग वळसा घालून समोरच्या कुंपणावर उपरणं टाकून परत वर्गात. मी तुझ्या नावानं तार करायचो. नियमात हे बसत नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. नियम करणारे दिल्लीत, आपण इथं, आणि मध्ये तार. एवढ्या लांबून आपलं कुंपण कुणाला दिसणार?

आता तो शनिवार.

पौषाचे दिवस होते. शनिवारी माझी खिडकी दुपारी बंद व्हायची. अल्लीपूरला माझ्या साडूच्या शेतात हुरडा होता. जवारीची कणसं पिवळी पडायच्या आतली, तीळ-जवसाची चटणी, वांग्याचं भरीत, ते सगळं. साडूनं आदल्या दिवशी निरोप पाठवला होता की पाहुणे जमलेत, तुमच्यासाठी थांबणार नाही. अल्लीपूरची बस माझी खिडकी बंद व्हायच्या सुमाराला नाक्यावरून सुटायची. चुकली तर पुढची संध्याकाळी. म्हणून शेवटची तार मला वेळेत उरकायची होती.

आणि घरात पार्वतीची वाळणाची दोरी त्या सकाळीच तुटली होती.

पोस्टामागंच आमची खोली. तिनं धुणं कुठं वाळत घालावं? समोर तुझं कुंपण, त्यावर स्वच्छ ऊन. माझं धोतर तिनं तिथं टाकलं. तिला आपल्या युक्तीबद्दल काही ठाऊक नव्हतं. आजही नाही. हा लेख तिनं वाचला तर तिला आत्ताच कळेल. पार्वती, तुझी यात काहीच चूक नाही.

मी खिडकीतून पाहिलं. कुंपणावर कपडा होता. मास्तर, त्या क्षणी मला काय दिसलं ते मी आता आहे तसं सांगतो. तुझं उपरणं खादीचं, जाडं, जरा मातकट पांढरं. समोर होतं ते झिरझिरीत आणि निळसर. पार्वतीला नीळ टाकायची फार हौस. माझी सगळी धोतरं गावात ओळखू यायची त्या निळीनं. लोक त्यावरून मला चिडवायचे. ते धोतर पाहून माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'नीळ'. उपरणं नव्हे. आणि लगेच दुसरं काहीतरी आलं, ज्याला मी इतकी वर्षं नाव शोधतो आहे. ते असं काहीसं होतं: कपडा तर आहे ना. पांढराच आहे. मास्तरनं अजून उपरणं टाकलं नाही म्हणजे तो फळ्यावर काहीतरी समजावून सांगत असेल. रोज तर टेकडी दिसतेच.

मी यंत्रावर बोट ठेवलं. फरक नाही, अशी तार गेली. खिडकी लावली, कुलूप घातलं आणि बस पकडली.

तू काय पाहिलंस ते मला नंतर तुझ्याकडूनच कळलं. टेकडीवरचं कडुनिंब गेलं. मग टेकडी गेली. दक्षिणेकडून अवकाळी ढग इतके खाली आले की जिनाची चिमणी अर्धी झाली. मुलांना पाढे म्हणायला लावून तू धावत वळसा घालून आलास, हाताला खडू तसाच. पोस्टाला कुलूप. कुंपणावर माझं धोतर.

पार्वतीनं पुढं मला सांगितलं, "दौलतभाऊजी आले व्हते. थे धोतर पाह्यत उभेच राह्यले. मले इचारलं, बाबू कोठी गेले. म्या म्हटलं, हुरडा खायाले. तं धोतर काढून घडी करून मह्या हातात देल्लं आन् सायकलवर बसले."

तू हिंगणघाटला निघालास, तिथून तार करायला. वाटेत पाऊस लागला. आपली काळी माती. ओली झाली की सायकलच्या चाकात अशी भरते की चाक फिरत नाही. काठीनं माती काढायची, चार पावलं चालवायची, पुन्हा काढायची. शेवटी तू सायकल खांद्यावर घेतलीस. हिंगणघाटच्या तारऑफिसात चिखलानं माखून पोचलास, तेव्हा तिथं खिडकीशी माणसं आधीच विमानाबद्दल बोलत होती.

आणि मी? मी अल्लीपूरला शेतात बसलो होतो. पाऊस तिथं थेंब थेंब होता, आम्ही चादर डोक्यावर धरून आगटीभोवती बसलेलो. मी तळहातावर गरम हुरडा चोळत होतो आणि वर विमानाचा आवाज आला. दिसत काही नव्हतं. आवाज ढगाच्या आत, अगदी खाली. पोरं 'विमान, विमान' म्हणत शेतातून धावली. साडू म्हणाला, "लय खाले हाये रे हे." आवाज दूर गेला. मग परत आला. कुणीतरी अंधारात दार चाचपावं तसा तो आवाज आमच्या डोक्यावरून फिरला. मग समुद्रपूरकडं गेला आणि थांबला. ढगात विरून जातो तसा नाही, थांबला.

हुरडा माझ्या हातात होता. मी तो खाल्ला, मास्तर. सगळे माझ्याकडं पाहत होते असं मला वाटलं म्हणून खाल्ला. त्यानंतर मी हुरडा खाल्लेला नाही. पार्वती समजते माझ्या पोटाला सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी तू विमान पडलं ती जागा पाहून आलास. मी आलो नाही. तू संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसलास आणि बराच वेळ पायाची वाळलेली माती नखानं काढत राहिलास.

"एकटाच व्हता," तू म्हणालास. "पोरगाच व्हता, बाबू. आपल्या शाळेतून गेला असता तं मी त्याले शिकवलं असतं इतका पोरगा. पऱ्हाटीत संत्रे पडले व्हते. घरून डब्यात देल्ले असन. कापूस फुटलेला आन् त्याच्यात संत्रे."

मग तू जे म्हणालास ते मला मरेपर्यंत पुरेल.

"तू काहाले जिवाले लावून घेतं? तुले काय मालूम? कपडा तं पांढराच व्हता. म्या म्हटलं व्हतं ना, वाऱ्यानं उडालं तं काय. हे नाई सुचलं आपल्याले, का दुसऱ्याचा कपडा येईन. आपल्या दोघाईची चूक हाये."

दोघांची. तू वाटणी करून अर्धी घेतलीस. त्या अर्ध्यात तुझं काहीच नव्हतं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. माझ्या जिभेवर शब्द होता, 'नीळ'. एवढा एक शब्द उच्चारला असता तर तू सगळं समजला असतास. आतून पार्वती चहा घेऊन आली आणि मी तिला म्हटलं, साखर कमी आहे.

पुढच्या आठवड्यात चौकशीला साहेब आले. मोठे सरकारी अधिकारी, हिंदी बोलणारे, शांत. त्यांची मला भीती वाटली होती, पण त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. तुझ्या वर्गात लाकडी खुर्चीवर बसले, फळ्यावर तुझं हस्ताक्षर तसंच होतं, आणि आधी त्यांनी आपण कशाला आलो ते सांगितलं.

"देखिए, मैं कसूर ढूँढने नहीं आया। वजह ढूँढने आया हूँ। कसूर एक आदमी का होता है। वजह वही की वही दस जगह पड़ी रहती है, और अगला जहाज़ भी उधर से ही जाता है।"

त्यांनी हेही सांगितलं की त्या तरुणाच्या मृत्यूला एकच गोष्ट कारण असेल असं नाही. तो ठरल्यापेक्षा खाली उडत होता, दुसऱ्या गावांचे रिपोर्टही उशिरा पोचले होते. वैमानिक, यंत्र दुरुस्त करणारे, हवा सांगणारे, तार करणारे, सगळ्यांचं म्हणणं दिल्लीला एका ठिकाणी जमा होतं, आणि त्यातून पुढचे नियम होतात. आपल्या गावची तार त्यातली एक. पण ती खोटी निघाली तर बाकीच्यांवर तरी भरवसा कसा ठेवायचा, एवढंच ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी तू मला नदीकडं फिरायला नेलं होतंस. "तू कपड्याची गोष्ट काढू नोको," तू म्हणालास. "निघाली तं तुही नोकरी जाईन. तुह्ये पोट्टे लहान हायेत. माही काय, शाळा तं राह्यतेच. मी सांगतो, म्या नीट पाह्यलं नाई. मंग दिसलं, धावलो, उशीर झाला."

"तू खोटं बोलशीन?" मी विचारलं. मला खरंच नवल वाटलं होतं.

"बोलीन एक डाव," तू म्हणालास, आणि पाण्यात एक खडा टाकलास.

साहेबांनी मला विचारलं, "ये रिपोर्ट आपको किसने दिया?"

मी म्हणालो, "मास्टरजी ने दिया, साहब।"

तू माझ्या शेजारी उभा होतास. तुझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, तेव्हा तू आपली नजर चुकल्याचं कबूल केलंस. ते थोडा वेळ तुझ्याकडं बघत राहिले. मला वाटतं त्यांना काहीतरी कमी आहे असं जाणवलं होतं. त्यांनी मला पुन्हा विचारलं, "और कुछ?" त्यांनी दार उघडून धरलं होतं, मास्तर. मी म्हणालो, "नहीं साहब।"

तुला वर्ध्याला डोळे तपासायला पाठवलं ते आठवतं? तू आल्यावर हसत सुटला होतास. डॉक्टरनं तुला लांबच्या पाटीवरची सगळ्यांत खालची ओळ वाचायला लावली आणि तू पाटीच्या कोपऱ्यात छापलेलं छापखान्याचं नावसुद्धा वाचून दाखवलंस. डॉक्टर म्हणाला, मास्तर, तुमच्या डोळ्यांना झालंय काय? तू म्हणालास, "काय झालं थेच तं सरकार इचारून राह्यलं." ही गोष्ट तू सगळ्यांना रंगवून सांगायचास. मीही हसायचो. पुढं सगळ्या निरीक्षकांचे डोळे तपासायचे असं ठरलं म्हणे. कारण सापडलं होतं ना, नजर कमी. गावोगावी तुझ्यासारख्या कोणकोणत्या मास्तरांनी आणि माझ्यासारख्या बाबूंनी आपापली सोय लावून घेतली असेल, कुठं कपडा, कुठं घंटा, कुठं खिडकीतून हात, ते कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणच मी दिलं नाही.

मग पांढरी पेटी उचलून दुसऱ्या गावी नेली. लोहारीण रडली. पोरं तुझ्यामागं 'आंधळे मास्तर' म्हणायला लागली, आधी दबकून, मग उघड. तू वळून त्यांना जिनाच्या चिमणीवर बसलेले पक्षी मोजून दाखवायचास. ती खूश व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणायची. तुझ्या बायकोला, वहिनींना, ते लागायचं. मला एकदा पाणवठ्याच्या वाटेवर थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तं तिथं व्हते. खरंच याईले नाई दिसलं का हो?" मी म्हणालो, "वयनी, कोणाले बी चुकते."

त्या मला अजून 'तुमी किती सांभाळून घेतलं' असं म्हणतात.

पेटी गेल्यावरही तू रोज दक्षिणेला पाहायचास. सवय. ओट्यावर बसल्याबसल्या म्हणायचास, 'आज कडुनिंबाच्या मागचं बी दिसून राह्यलं', किंवा 'आज चिमणीपर्यंतच'. ते कुणाला पाठवायचं नव्हतं. मी कधी विचारलं नाही, आता कशाला पाहतोस. तू कधी सांगितलं नाहीस.

एक गोष्ट मात्र मला विचारायची राहिली. गेल्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, तू असाच बसला होतास. अंगणात पार्वतीचं धुणं वाळत होतं. तू बिडी पेटवलीस आणि म्हणालास, "पार्वतीवयनी नीळ लय टाकते बे. तुह्यं धोतर तं शंभर कपड्यातून ओळखू येते."

तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. टेकडीकडं पाहत होतास.

"टेकडी दिसून राह्यली ना आज?" तू विचारलंस.

"हाव," मी म्हणालो.

"मंग बरं."

एवढंच. तू उठून गेलास. मी त्या बोलण्याचा उलटसुलट विचार करतो आहे. तुला ते धोतर त्या दुपारीच ओळखू आलं होतं, तू त्याची घडी करून पार्वतीच्या हातात दिली होतीस. ढगाढगातला पांढरा रंग वेगळा ओळखणारा तू, तुला हे कधी ना कधी सुचलं असणारच की जे तुला दिसलं ते मलाही दिसलं असेल. मग नदीकाठी तू जे खोटं बोलायचं ठरवलंस ते माझी चूक झाकायला होतं की माझं पाप? आणि दिवाळीत तू मला दार उघडून दिलंस की सहज निळीबद्दल बोललास? साहेबांनंतर दुसऱ्यांदा माझ्यापुढं दार उघडं होतं आणि मी फक्त टेकडी दिसते म्हणालो.

शेवटच्या आठवड्यात तू अंथरुणाला होतास तेव्हा मी रोज येत होतो. रोज ठरवून यायचो. वहिनी उठून गेल्या की बोलायचं. त्या उठल्या की तूच काहीतरी विचारायचास, शाळेचं छप्पर झालं का, लोहारणीचा नातू पास झाला का. शेवटच्या दिवशी तुझी खाट उत्तरेला तोंड करून होती. तू म्हणालास, "खाट फिरव बे जराशी." मी फिरवली. खिडकीतून दक्षिण दिसली. धुकं होतं. तू बराच वेळ पाहिलंस.

"काय दिसते?" मी विचारलं.

"काईच नाई," तू म्हणालास. मग थोड्या वेळानं, "तसं सांगजो बरं."

कुणाला सांगू, हे मी विचारलं नाही. तापात बोलत असशील असं मी स्वतःला समजावलं. समजावण्यात मी तरबेज आहे.

मास्तर, तुझ्यामुळं माझी नोकरी राहिली, पोरं शिकली, पार्वतीच्या अंगावर कधी कुणाचा टोमणा आला नाही. मी तुझ्या मैत्रीची फळं रोज खाल्ली आणि तुझं नाव पोरांच्या तोंडी आंधळं म्हणून जाऊ दिलं. तुला याबद्दल राग होता की नाही हे मला कधीच कळणार नाही. तू असतास तर म्हणाला असतास, दोघाईची चूक. नाही. ती एकट्याची होती.

हेडमास्तरांना हा कागद देण्याआधी मी वहिनींकडं जाणार आहे. पाणवठ्याच्या वाटेवर त्यांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर द्यायचं आहे: त्याला दिसलं होतं, वहिनी. तुमच्या नवऱ्याला सगळं दिसत होतं. त्या मला उंबऱ्याबाहेर काढतील तर ते बरोबरच होईल. पार्वतीला आज संध्याकाळी सांगेन.

त्या पोराच्या घरचे कुठं असतात मला ठाऊक नाही. त्याच्या डब्यात संत्री कुणी भरली होती तेही नाही.

दिल्लीला त्या अपघाताचं जे कारण लिहून ठेवलं आहे, त्यात निरीक्षकानं नीट पाहिलं नाही असं आहे. ते खोटं आहे. निरीक्षकानं पाहिलं होतं. तार करणाऱ्यानं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. हे मी अजून तिथं कळवलेलं नाही. ते कळवणं माझ्याकडं बाकी आहे.